सरकारी खरेदी आणि लहान कारखानदार

रेल्वेच्या फलाटावर फिरणारा झाडू, सरकारी इस्पितळातील लोखंडी खाट, पोस्टाच्या खिडकीमागचा वजनकाटा, सरहद्दीवर पहारा करणाऱ्या जवानाच्या पायातील बूट, या वस्तू दिसायला अगदी निरनिराळ्या. परंतु त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. त्या सर्व कोणी तरी, कोठे तरी बनवून सरकारला विकलेल्या असतात. सरकार म्हटले की कर वसूल करणारी व कायदे करणारी सत्ता आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ते एक गिऱ्हाईकही आहे, आणि या देशात त्याच्याएवढे मोठे गिऱ्हाईक दुसरे नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ती ज्याच्या ध्यानात क्षणोक्षणी असते, तो म्हणजे दहा-वीस कामगारांना हाताशी धरून आपली भट्टी वा आपले यंत्र चालविणारा लहान कारखानदार. सरकारचे एक कंत्राट मिळाले तर त्याचे वर्ष निघते. आणि त्याच कंत्राटाचे पैसे वेळेवर आले नाहीत तर त्याचे दारही बंद होते.

गिऱ्हाईक म्हणून सरकारवर दोन जबाबदाऱ्या आहेत, आणि त्या दोहोंचे नेहमीच जमते असे नाही. खरेदीचा पैसा प्रजेच्या करांतून आलेला असतो. म्हणून चांगला माल कमीत कमी किमतीत घेणे ही पहिली जबाबदारी. दुसरी अशी की, ज्या प्रजेचा पैसा खर्च होतो, त्या प्रजेतील लहान माणसालाही त्या खर्चातून उद्योग मिळावा. पहिल्या जबाबदारीकडेच पाहिले तर मोठा कारखाना जिंकतो, कारण तो ढिगाने माल काढतो व थोड्या नफ्यावर विकू शकतो. दुसरीकडेच पाहिले तर तिजोरीला खार लागतो. सरकारी खरेदीच्या धोरणाचा इतिहास म्हणजे या दोन टोकांमधील तोल शोधण्याचा इतिहास होय.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा होता. त्या काळी हिंदुस्थान सरकारला लागणाऱ्या मालाचा फार मोठा भाग लंडनमधूनच विकत घेतला जाई. खर्च येथल्या तिजोरीतून व्हायचा, पण कामधंदा तिकडच्या कारखान्यांना मिळायचा. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गाने माल येणे दुरापास्त झाले, तेव्हा या व्यवस्थेतील दोष राज्यकर्त्यांनाही दिसू लागला. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली १९१६ ते १९१८ या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगाने या प्रश्नाचा विचार केला, आणि १९२२ साली भारतातच माल खरेदी करणारे स्वतंत्र खाते स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली त्या खात्याच्या परंपरेतून पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय उभे राहिले, आणि पुढली साडेसहा दशके केंद्र सरकारची मोठी खरेदी त्याच्या हातून झाली. ते २०१७ साली बंद करण्यात आले.

परदेशी की स्वदेशी हा वाद स्वातंत्र्याबरोबर पुष्कळसा मावळला. त्याच्या जागी मोठा की लहान हा प्रश्न आला. १९५५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्या वर्षी ग्रामोद्योग व लघुउद्योग यांच्यासंबंधी आपला अहवाल दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाची स्थापना झाली. सरकारी मागणी लहान कारखान्यांपर्यंत पोचविणे हे या महामंडळाच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. पुढे महामंडळाकडे एकदा नाव नोंदविले की ठिकठिकाणच्या खात्यांपुढे पुनःपुन्हा पात्रता सिद्ध करण्याचे कष्ट वाचावेत, निविदेचे कागद फुकट मिळावेत व बयाणा रक्कम भरावी लागू नये, अशी सोय करण्यात आली.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती टाळली पाहिजे. एक आरक्षण उत्पादनाचे होते. ठराविक वस्तू लहान कारखान्यांनीच बनवाव्यात असा तो नियम. १९६७ साली ४७ वस्तूंपासून त्याचा आरंभ झाला, पुढे ही यादी आठशेच्या वर गेली, मग ती हळूहळू आटत आली, आणि २०१५ साली उरलेल्या शेवटच्या २० वस्तूही तिच्यातून काढून टाकण्यात आल्या. दुसरे आरक्षण खरेदीचे. ठराविक वस्तू कोणीही बनवाव्यात, परंतु सरकारने त्या लहान उत्पादकांकडूनच घ्याव्यात, असा हा नियम. या यादीत ३५८ वस्तू आहेत. काटेरी तार, बादल्या, झाडू, छत्र्या, मेणबत्त्या, जखमेवर बांधण्याच्या पट्टीचे कापड, बूट अशा घरगुती वाटणाऱ्या वस्तूंनी ती भरलेली आहे. पहिले आरक्षण संपले तरी दुसरे राहिले, कारण त्यात बाजारातील कोणाचेही हात बांधले जात नाहीत. सरकार फक्त स्वतःवर बंधन घालून घेते.

हे सारे धोरण बराच काळ सूचनांच्या व परिपत्रकांच्या रूपात होते. पाळले तर पाळले, नाही तर विचारणारे कोणी नाही, अशी स्थिती होती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाने त्याला कायद्याचा आधार दिला, आणि त्या आधारावर २०१२ साली केंद्र सरकारने सार्वजनिक खरेदीचा आदेश काढला. केंद्राच्या प्रत्येक मंत्रालयाने, खात्याने व सार्वजनिक उपक्रमाने आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करावी, असे त्यात ठरले. पहिली तीन वर्षे हे केवळ उद्दिष्ट होते. २०१५ च्या एप्रिलपासून ते बंधनकारक झाले. २०१८ साली हा वाटा २५ टक्के करण्यात आला. त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उपक्रमांसाठी राखलेले आहेत. राज्य सरकारांना मात्र हा आदेश लागू नाही; त्यांचे खरेदीचे नियम स्वतंत्र आहेत.

हा आदेश प्रत्यक्षात कसा चालतो, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका सरकारी इस्पितळाला १,००० लोखंडी खाटा हव्या आहेत. सर्वांत कमी दर एका मोठ्या कारखान्याने दिला आहे, प्रत्येक खाटेला ८,००० रुपये. एका लहान कारखानदाराचा दर ८,८०० रुपये आहे. नेहमीच्या व्यवहारात त्याची निविदा येथेच बाद झाली असती. परंतु आदेश असे सांगतो की, सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर देणाऱ्या लहान उत्पादकाला एक संधी द्यावी. येथे ही मर्यादा ९,२०० रुपयांची झाली, आणि आपला कारखानदार तिच्या आत आहे. त्याने आपला दर ८,००० रुपयांवर आणण्याची तयारी दाखविली, तर २५ टक्के मागणी, म्हणजे २५० खाटांचे काम, त्याला मिळते. असे लहान उत्पादक अनेक असतील तर ते काम त्यांच्यात वाटले जाते. आणि मागणी विभागता येण्यासारखी नसेल तर सबंध कामही लहान उत्पादकाला देता येते.

या नियमातील मर्म नीट पाहण्यासारखे आहे. पूर्वीच्या धोरणात लहान उत्पादकाला मोठ्याच्या मानाने १५ टक्क्यांपर्यंत अधिक किंमत देता येत असे. आज त्याला अधिक किंमत मिळत नाही, मिळते ती केवळ मोठ्याच्या किमतीत माल देण्याची संधी. यामुळे तिजोरीला तोशीस पडत नाही हे खरे. परंतु ज्याचा कच्चा मालच महाग पडतो, त्याला ही संधी असून नसल्यासारखी होते. पोलादाचे पत्रे व नळ्या मोठा कारखाना गाडीभराने घेतो, लहान कारखानदार बाजारातल्या व्यापाऱ्याकडून गरजेपुरत्या घेतो. दोघांच्या खरेदीतला हा फरक विक्रीच्या नियमाने भरून निघत नाही.

तरीही निविदेच्या दारापर्यंत पोचणे हीच पुष्कळांच्या बाबतीत खरी अडचण असते. मागील तीन वर्षांची उलाढाल अमुक इतकी असावी, असेच काम पूर्वी केल्याचा दाखला असावा, अशा अटी निविदेत घातल्या जातात. पूर्वी काम केले नाही म्हणून काम मिळत नाही, आणि काम मिळत नाही म्हणून पूर्वीचा दाखला नाही, अशा चक्रात नवा माणूस सापडतो. लहान उपक्रमांच्या बाबतीत, मालाच्या दर्जाला बाध न येता, या अटी शिथिल करण्याची मुभा नियमांत आहे. परंतु मुभा असणे वेगळे आणि अधिकाऱ्याने ती वापरणे वेगळे. दुसरी अडचण मागणीच्या आकाराची. दहा ठिकाणच्या गरजा एकत्र करून एकच प्रचंड निविदा काढली की अधिकाऱ्याचे श्रम वाचतात, दरही थोडा उतरतो. मात्र तेवढा माल पुरविण्याची ताकद दोन-चार कंपन्यांपलीकडे कोणाची नसते. अशा वेळी लहान कारखानदार त्याच मोठ्या कंपनीचा पोटकंत्राटदार होतो. माल त्याच्याच हातचा असतो, परंतु गिऱ्हाईक आणि तो यांच्यामध्ये आता एक मध्यस्थ उभा असतो.

याचा सारा दोष अधिकाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याने सर्वांत कमी दर स्वीकारला तर त्याला कोणी जाब विचारत नाही. तो सोडून दुसरा स्वीकारला, तर त्याचे कारण हिशेब तपासनिसाला व कदाचित दक्षता खात्यालाही पटवून द्यावे लागते. निकृष्ट माल दोन वर्षांनी मोडला तर त्याचा ठपका कोणावर येईल हे अनिश्चित असते. पण शंभर रुपये अधिक दिल्याचा ठपका मात्र नक्की येतो. अशा परिस्थितीत माणूस सुरक्षित वाटच धरणार. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्रालयाने काही प्रकारच्या कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली, ती या कोंडीची जाणीव ठेवूनच. त्यात गुणवत्तेचे वजन अधिकात अधिक ३० टक्के ठेवलेले आहे.

आता सर्वांत बोचणारा प्रश्न, पैसे मिळण्याचा. पुन्हा त्या २५० खाटांकडे वळू. ८,००० रुपयांप्रमाणे त्यांची किंमत २० लाख रुपये झाली. पत्रे, नळ्या, रंग, वीज, मजुरी व भाडे मिळून एका खाटेला ७,४०० रुपये खर्च येतो असे धरले, तर एकूण खर्च साडेअठरा लाख, आणि नफा दीड लाख. हे साडेअठरा लाख रुपये कारखानदाराने दरसाल दरशेकडा १२ रुपये व्याजाने उसने घेतले आहेत. म्हणजे दरमहा १८,५०० रुपये व्याज. माल पोचल्यावर ४५ दिवसांत पैसे आले तर व्याजापोटी २७,७५० रुपये जातात आणि सव्वा लाखाच्या आसपास रक्कम हाती राहते. पैसे यायला आठ महिने लागले तर व्याज होते १,४८,००० रुपये. दीड लाखाच्या नफ्यातून उरतात दोन हजार. खाटा उत्तम होत्या, दर वाजवी होता, कोणी फसविले नाही. तरी वर्षभराच्या कष्टाचे फळ केवळ एका सहीची वाट पाहण्यात विरून गेले. याखेरीज कामाच्या हमीपोटी ठेवायची अनामत, आजच्या नियमांप्रमाणे साधारणतः ३ ते ५ टक्के, मालाच्या हमीची मुदत संपेपर्यंत अडकून राहते ती वेगळीच. बयाणा रकमेतून लहान उपक्रमांना सूट आहे, या अनामतीतून नाही.

आणि येथेच मघाच्या ८,८०० रुपयांचा उलगडा होतो. खर्च ७,४०० असताना कारखानदाराने एवढा दर का मागितला? लोभ हे त्याचे कारण नव्हे. पैसे केव्हा येतील याची खात्री नसल्यामुळे त्याने त्या अनिश्चिततेची किंमत दरात मिसळली. म्हणजे उशिराची झळ केवळ विकणाऱ्याला बसते असे नाही. ती सर्वांच्या दरांत शिरते, आणि शेवटी सरकारच आपल्या दिरंगाईची किंमत भरते.

कायद्याने या दुखण्यावर औषध दिलेले आहे. १९९३ साली विलंबित रकमेवरील व्याजाचा पहिला कायदा झाला. २००६ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. लेखी करार कसाही असो, खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तंट्यासाठी राज्याराज्यांत सुविधा परिषदा आहेत, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाऊ पाहणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. इतका कडक कायदा असूनही पुष्कळ पुरवठादार त्याचा आधार घेत नाहीत. कारण उघड आहे. ज्याच्यावर आज दावा लावायचा, त्याच्याच दारात उद्या निविदा घेऊन जायचे असते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

म्हणून अलीकडचे उपाय भांडणाऐवजी व्यवस्थेवर भर देणारे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील बिलवटावाची व्यवस्था २०१७ पासून चालू झाली. खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, विक्रेत्याला थोडा वटाव कापून लगेच पैसे मिळतात, आणि मुदत भरल्यावर बँक खरेदीदाराकडून वसुली करते. जुन्या हुंडीचेच हे नवे रूप होय. यातील मेख एवढीच की, आधी खरेदीदाराने बिल मान्य करावे लागते. आणि उशीर पुष्कळदा त्या मान्यतेलाच होत असतो. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक उपाय केला. लहान उपक्रमांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला, ते प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरात त्या खर्चाची वजावट मिळू नये अशी तरतूद त्याने केली. कंपन्यांना व सार्वजनिक उपक्रमांना ही तरतूद बोचते. परंतु सरकारी खाते आयकर भरतच नाही. त्याला या अंकुशाची टोचणी लागत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने विद्युत् माध्यमातून चालणारी सरकारी बाजारपेठ सुरू केली. कोणत्याही गावातला उत्पादक आपल्या मालाचे वर्णन व दर तेथे मांडू शकतो, आणि कोणत्याही प्रांतातील कार्यालय तो घेऊ शकते. निविदेची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोधण्याचे आणि दिल्लीला खेपा घालण्याचे दिवस तिने पालटले, हा तिचा मोठा गुण. परंतु बाजारपेठ रुंद झाली की स्पर्धाही रुंद होते. जवळच्या इस्पितळाला खाटा देणाऱ्या कारखानदाराला आता शेकडो मैलांवरच्या विक्रेत्याच्या दराशी सामना द्यावा लागतो. पडद्यावर दर दिसतो. पत्र्याची जाडी व जोडकामाचा पक्केपणा इतक्या सहजी दिसत नाही.

सरकारी मागणीवर सर्वस्वी विसंबून राहण्यातला धोका हावड्याच्या इतिहासाने दाखवून दिला आहे. तेथील लहान लहान ओतशाळा व यंत्रशाळा रेल्वेच्या मागणीवर पोसलेल्या होत्या. १९६५ चे युद्ध, त्यानंतरचे दुष्काळ, १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजनेत पडलेला खंड, यांमुळे सरकारी गुंतवणूक आटली व रेल्वेची मागणी घटली. वाघिणी बांधणाऱ्या मोठ्या कंपन्यांना त्याचा धक्का बसला, आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या लहान कारखान्यांना तो अधिकच जाणवला. कारागिरांच्या हातची कला गेलेली नव्हती, भट्ट्याही जागच्या जागी होत्या. दिल्लीतील अंदाजपत्रकातला एक आकडा तेवढा बदलला होता. मोठ्या वृक्षाच्या सावलीत ऊन लागत नाही हे खरे, पण तो वृक्ष कोसळला तर खालच्या झाडाला वाचायला जागाही उरत नाही.

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, लहान कारखान्यांना युद्धसामग्रीची कामे मिळावीत म्हणून स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले होते. १९५३ साली तेथे लघुउद्योगांचा कायदा झाला, आणि पुढे संघ सरकारच्या मुख्य कंत्राटांपैकी २३ टक्के रक्कम लहान उद्योगांकडे जावी असे उद्दिष्ट ठरले. दोन किंवा अधिक लहान उद्योग वाजवी दरात काम करतील अशी अपेक्षा असेल, तर ते काम त्यांच्यासाठीच राखावे, असा तेथील नियम आहे. तेथील अनुभवातून एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. २०१० नंतरच्या दशकात रकमेचा वाटा उद्दिष्टापर्यंत पोचत राहिला, तरी काम मिळणाऱ्या लहान उद्योगांची संख्या घटत गेली. टक्केवारी भरली, पण ती थोड्यांच्या ओंजळीत भरली.

भारतातही वाटा मोजताना हे भान ठेवावे लागेल. २५ टक्क्यांचा आकडा वर्षअखेरीस पुरा होणे चांगलेच. परंतु तो किती कारखान्यांत विभागला गेला, त्यांत नवे किती, आणि त्यांचे पैसे किती दिवसांत मिळाले, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. आणखी एक गोष्ट. हा लाभ सूक्ष्म व लघु उपक्रमांपुरताच आहे. मध्यम उपक्रमांना तो नाही. २०२५ च्या एप्रिलपासून लघु उपक्रमाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटी व उलाढालीत १०० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे. मर्यादा वर नेल्याने वाढणाऱ्या कारखान्याला लाभ गमावण्याचे भय उरत नाही. पण त्याच वेळी दहा कामगारांच्या कारखान्याला आता ९० कोटींची उलाढाल असलेल्या कारखान्याशीही, लहान म्हणूनच, स्पर्धा करावी लागते.

या सर्व नियमांच्या गर्दीतून एक साधी गोष्ट वर येते. लहान कारखानदार सरकारकडे दान मागत नाही. आपल्याला पेलेल एवढ्या आकाराची मागणी, पूर्वीच्या नावावरून नव्हे तर मालावरून पारख, आणि ठरल्या दिवशी ठरलेले पैसे, एवढेच त्याला हवे असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना थोडा विचार लागतो, थोडे धाडसही लागते. तिसरीला मात्र नवे धोरण लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. माल उतरवून घेतल्याची पावती ज्या टेबलावर तयार होते, तेथून बिलावरची शेवटची सही ज्या टेबलावर होते तेथपर्यंतचे अंतर कमी व्हावे लागते. पुष्कळ कार्यालयांत ही दोन्ही टेबले एकाच इमारतीत असतात. त्या दोहोंमध्ये एखाद्या कारखान्याचा सबंध महिन्याचा पगार अडकलेला असू शकतो, याचे स्मरण दोन्हीकडच्या माणसांना राहिले, तर धोरणाचा पुष्कळसा हेतू तेथेच सफल होईल.